थंडीचं सरपण आत्ताच फोडून ठेवा: ग्वाल्हेर भागासाठी चैत्र-वैशाखाचा सल्ला

मोहरी घरात आली आणि गव्हाची कापणी उरकत आली की डबरा, भितरवार, मुरारकडच्या बांधांवर कुऱ्हाडीचा आवाज सुरू होतो. बाभळी छाटल्या जातात, वादळात पडलेलं झाड ओढून आणलं जातं, आणि ओंडके अंगणाच्या कोपऱ्यात तसेच पडून राहतात. फोडायचं दिवाळीनंतर बघू, असं बहुतेक घरांत ठरतं. तेव्हा फार उशीर झालेला असतो. पौषात शेगडीत घालायचं लाकूड वाळतं ते चैत्र-वैशाखात. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो, पश्चिमेची कोरडी लू दिवसभर वाहते. माणसाजनावरांना नकोशी होणारी ही हवा सरपणासाठी फुकटची भट्टी आहे. ती वाया घालवू नका.

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या साधारण 40 ते 50 टक्के पाणी असतं. जाळण्याआधी ते 20 टक्क्यांच्या खाली यायला हवं. हिशेब करून पाहा: 45 टक्के पाणी असलेलं एक क्विंटल लाकूड 20 टक्क्यांवर येतं तेव्हा जेमतेम 69 किलो भरतं. डिसेंबरात टालावरून, म्हणजे लाकडाच्या वखारीतून, ओलं सरपण तोलून घेणारा 31 किलो पाण्याचे पैसे मोजतो. वर ते पाणी उडवण्यात आगीची ऊब जाते ती वेगळीच, कारण एक लिटर पाण्याची वाफ करायला 600 किलोकॅलरीहून जास्त उष्णता लागते. ओल्या लाकडाचं एक टोक पेटलं की दुसऱ्या टोकाला फेस येतो, सूं-सूं आवाज होतो, ज्वाळा धरत नाही आणि घरभर धूर कोंडतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा खोकला आणि स्वयंपाक करणारीचे डोळे या धुरानेच बिघडतात.

लाकडातलं पाणी खोडाच्या लांबीच्या दिशेने चालतं. त्यामुळे ते कापलेल्या टोकांतून लवकर निघतं, सालीतून फार हळू. अख्खा ओंडका दोन उन्हाळे पडून राहिला तरी गाभ्यात ओलसर निघतो, तो यामुळेच. म्हणून आधी शेगडीच्या मापाचे फूट-दीड फुटाचे तुकडे करा, मग उभे फोडा. मनगटाएवढ्या जाडीच्या फाकी झाल्या की पुरे. बाभूळ ओली असताना बरी फुटते. निलगिरी तर तोडल्या आठवड्यातच फोडून घ्या. वाळल्यावर तिचे पिळलेले तंतू पाचर आत जाऊ देत नाहीत. विलायती बाभळीचे काटे आधी कोयत्याने साफ करा आणि जाड तळव्याचे बूट घाला. तो काटा चपलेतून सहज आरपार जातो.

रचणं हे फोडण्याइतकंच महत्त्वाचं आहे. जमिनीवर थेट रचलं तर खालच्या दोन थरांत ओल आणि वाळवी हमखास शिरते. विटा ठेवा, नाहीतर जुन्या घराच्या छताच्या दगडी पटिया पडल्या असतील तर त्या विटांवर आडव्या टाका. वीतभर उंची मिळाली पाहिजे. थप्पी एकेरी ठेवा, भिंतीपासून हातभर दूर, आणि तिची लांब बाजू पश्चिमेला करा म्हणजे लू फाकींमधून आरपार जाईल. दोन्ही टोकांना आडवी-उभी चौकट रचली की थप्पी ढासळत नाही.

पावसाळा आपल्याकडे जूनच्या अखेरीस लागतो. त्याआधी थप्पीच्या फक्त माथ्यावर पत्रा किंवा ताडपत्री घाला, दोन्हीकडे हातभर बाहेर काढून. बाजू उघड्याच राहू द्या. चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळलं की आत वाफ कोंडते आणि श्रावणात सगळं सरपण बुरशीने काळं पडतं. वाळवीसाठी थप्पीवर कीटकनाशक फवारू नका, भुकटीही टाकू नका; तेच विष पुढे शेगडीच्या धुरातून घरात येतं. फाकींवर बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर ती लाकडं आधी जाळून संपवा. घराच्या तुळयांजवळ आणि चौकटींजवळ ती आणूच नका. पावसाळ्यानंतर थप्पीत हात घालण्याआधी काठीने ठोका. विंचू आणि साप याच सांदीत बसतात.

वाळलं की नाही हे पाहायला एक फाक निवडा, खडूने खूण करा आणि दर आठवड्याला धान्याच्या काट्यावर तोला. लागोपाठ दोन आठवडे वजन तेच आलं की तिला आणखी वाळायचं उरलेलं नाही. टोकांना मधोमध चांदणीसारख्या फुटलेल्या भेगा दिसतात, साल सुटते, दोन फाकी आपटल्या की बद्द आवाजाऐवजी खणखणीत आवाज येतो. आपल्या उन्हात फोडलेली बाभूळ दोन-अडीच महिन्यांत इथवर येते.

बाभूळ आणि विलायती बाभूळ उबेला उत्तम, निखारा टिकतो. तुरकाठ्या पेटवणीला वेगळ्या बांधून ठेवा. शिसव जाळू नका, विका. कुंपणाची कण्हेर छाटली असेल तर तिची एक काडीही सरपणात जाऊ देऊ नका, तिचा धूरही विषारी असतो. रंगवलेल्या फळ्या आणि प्लायवूडही तसंच. झाड तोडण्याआधी पंचायतीत आणि वनविभागाच्या चौकीत परवान्याचं विचारून घ्या. घाटीगावकडच्या राखीव जंगलातून मोळी आणायचीच नाही.

आता सगळ्यात कळकळीचं. लाकूड कितीही सुकं असलं तरी बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नका. धूर नसलेल्या लालबुंद निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. उत्तर भारतात दर थंडीत अशी कुटुंबं दगावतात. शेकताना खिडकी उघडी ठेवा आणि निजण्याआधी शेगडी अंगणात काढा. बाळ-बाळंतिणीच्या खोलीत तर ती नेऊच नका.

राख पत्र्याच्या डब्यात रात्रभर निववून मगच खतात मिसळा. तिच्यात पालाश असतं, पण ती क्षारधर्मी आहे, तेव्हा आधीच ऊसर (क्षारपड) असलेल्या वावरात टाकू नका.