बॅरिॲट्रिक ऑपरेशन करून घेताय? मग या चुका टाळा

माझं बायपास (हृदयाचं नव्हे, वजन कमी करायला जठर लहान करून पुढच्या आतड्याला जोडतात ते बॅरिॲट्रिक ऑपरेशन) होऊन पाच वर्षं झाली, 121 किलोवरून 78 वर आले आणि तिथंच आहे. तेव्हापासून खानापूर, निपाणी, चिकोडी, पार तिकडं चंदगडकडून पण ओळखीच्या लोकांचे फोन येतात आणि जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच, "ताई, पॅकेज कितीला बसतंय ओ?" डॉक्टर कोण, ऑपरेशन कुठलं, नंतर आपल्याला बघणार कोण, हे कुणी विचारतच नाही. मला याचा खरंच राग येतो, कारण याच चुकीपायी माझ्या मावसभावाचं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

त्यानं जाहिरात बघून लांबच्या एका शहरात मिनी बायपास, म्हणजे बायपासचाच एक प्रकार, करून घेतलं. सर्जनची भेट ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, तीही दहा मिनिटं. चौथ्या दिवशी डिस्चार्ज, हातात इंग्रजीतला एक कागद, आणि रात्रभर गाडीतून गाव. दहाव्या दिवसापासून उलट्या चालू झाल्या. हॉस्पिटलला फोन केला की रिसेप्शनवरची मुलगी म्हणायची, "होतंय तसं सुरुवातीला." घरचे म्हणाले अशक्तपणा आहे, मग गावात दोन-तीनदा ग्लुकोजची सलाईन लावून घेतली. तिसऱ्या आठवड्यात तो मला फोनवर म्हणाला, "ताई, सगळं दोन-दोन दिसूलालंय, आणि चालताना झोक जातोय." मी त्याच रात्री गाडी पाठवून त्याला बेळगावात ॲडमिट केलं. थायमिन, म्हणजे व्हिटॅमिन बी1, संपलं होतं. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो, उलट्या होत राहिल्या की तो संपतो, आणि थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला आणखी त्रास होतो. इंजेक्शनं मिळाल्यावर डोळे सुधारले, पाय सरळ पडायला मात्र चार महिने लागले. म्हणून सांगते, दोन दिवसांच्या वर उलट्या थांबत नसतील किंवा पाणीसुद्धा टिकत नसेल तर घरी बसू नका, आणि जो डॉक्टर सलाईन लावणार त्याला आधी सांगा की बॅरिॲट्रिक झालंय, थायमिन द्या.

सर्जन निवडताना मी वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून नेले होते आणि अजून सगळ्यांना तेच देते. हेच ऑपरेशन तुम्ही स्वतः किती केलीत? मला स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून नळीसारखं करतात ते, का, बायपास का? (छातीत जळजळ जास्त असेल तर स्लीव्हनंतर ती वाढू शकते, हे डॉक्टरनं आपणहून विचारायला पाहिजे.) टाके लीक झाले तर परत कोण उघडणार, आयसीयू इथंच आहे का? रात्री दोन वाजता फोन कुणाचा लागणार? आहारतज्ज्ञ पुढं वर्षभर भेटणार का? मी तिघांना भेटले, एकानं रिपोर्ट न बघता तारीख द्यायला घेतली, तिथनं मी उठून आले. पुण्याला, बेंगळुरूला जा, हरकत नाही, पण हुबळी-कोल्हापूरच्या टप्प्यात नंतर बघणारा कुणीतरी आधी ठरवून ठेवा. डिस्चार्जचा कागद पण घरात चूल सांभाळणाऱ्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत, मराठी किंवा कन्नड, लिहून घ्या. इन्शुरन्सचं एवढंच बघा की साधारण बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 40, किंवा 35 आणि सोबत गंभीर आजार, अशी अट असते, वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर थांबायचा काळ, पण असतो, ते आधी वाचा.

आता खाण्याचं. सगळ्यात जास्त बघितलेली चूक म्हणजे डाळीचं पाणी. पेशंट आहे म्हणून वरचं निवळ पाणी देतात आणि वाटतं प्रोटीन चाललंय. त्यात काहीच नसतं ओ! दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन लागतं, एका अंड्यात सहा, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, 100 ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, मग हिशोब करा की वरच्या पाण्यावर कसं भागणार. मी पहिले सहा महिने फ्रिजच्या दारावर कागद लावून रोजचे ग्रॅम लिहायची, ताटात आधी अंडं, पनीर नाहीतर मासा, भात शेवटी जागा उरली तर. प्रोटीन पावडर डॉक्टरनं सांगितली असेल तर "केमिकल" म्हणून टाळू नका.

घाई ही दुसरी. पहिले दोन आठवडे पातळ, मग दोन आठवडे मिक्सरमधनं काढलेलं, मग मऊ, आणि भाकरी-चपातीचं नाव दीड-दोन महिन्यांनी. पंधराव्या दिवशी "एक घास भाकरी काय करतेय" म्हणणारे लोक मला समजतच नाहीत, आत टाके कच्चे असतात, तुमच्या जिभेसाठी ते लवकर भरणार नाहीत.

जेवताना पाणी नको, आधी-नंतर अर्धा तास सोडून घोट-घोट. बायपासवाल्यांनी कुंदा, करदंटू असले आपल्याकडचे गोड पदार्थ लांबच ठेवा, माझं एका लग्नात दोन चमचे कुंद्यावर छाती धडधडून, घाम फुटून तासभर आडवं पडणं झालंय, याला डम्पिंग म्हणतात. डोकेदुखीला मेडिकलमधनं ब्रुफेनसारखी गोळी घेऊ नका, बायपासनंतर अल्सर होतो. तंबाखू, सिगारेट, मिसरी बंद म्हणजे बंद, आपल्या निपाणी भागात हे सांगून माझं तोंड दुखलं. कॅल्शियम आणि आयर्न एकत्र गिळू नका, दोन तासांचं अंतर ठेवा. तिसऱ्या महिन्यानंतर केस गळतात, घाबरू नका, बहुतेकांचे परत येतात. मूल हवं असेल तर साधारण दीड वर्ष थांबा.

पहिल्या काही आठवड्यांत ताप, पोटात वाढत जाणारं दुखणं, नाडी बसल्या जागी 120 च्या वर, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, ती लीक असू शकते.

आणि गोळ्या. वजन उतरलं की लोक व्हिटॅमिन सोडतात, "आता बरं वाटतंय की." त्या गोळ्या जन्मभर आहेत. मी दर जानेवारीत बी12, आयर्न, डी, कॅल्शियम, हिमोग्लोबिन सगळं तपासून घेते, मावसभाऊ पण आता माझ्याबरोबरच येतो. मागच्या वेळी त्याचं बी12 काठावर आलं, महिन्याचं इंजेक्शन चालू केलंय.