पन्हाळ्याच्या चढाला गाडीचे गचके

माझी गाडी २००९ची, पेट्रोलवरची. पन्हाळ्याच्या चढाला ती गचके देऊ लागली आणि इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. नुसता पेटला असता तर हळूहळू घरी आलो असतो. पण लुकलुकणं म्हणजे न जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन तो जळायची भीती, म्हणून तिथंच थांबलो, गाडी ओढून आणली.

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या गॅरेजात बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर लावला: पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पेट्रोल नीट पेटत नाही. मिस्त्री म्हणाले, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) बदला. मी म्हटलं, मामा, आधी तिसऱ्या सिलिंडरची कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) दुसऱ्यावर बसवून बघूया. कोड पी०३०२ झाला, म्हणजे मिसफायर कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला. दोष कॉइलचाच! ठिणगी पाडणाऱ्या प्लगची फटही झिजून वाढलेली, त्यानं कॉइलवर ताण येतो. कॉइल आणि चारही प्लग नवे घातले. परवा पन्हाळा एका दमात चढली.