पायथनने टेक्स्ट फाइलमधली ओळ बदलताना

संपादकाच्या पडद्यावर ओळी सुट्या दिसतात, पण डिस्कवर फाइल म्हणजे बाइट्सची एक सलग रांग असते आणि मधूनमधून ओळ संपल्याची खूण. म्हणून 'दर=८०' च्या जागी 'दर=१२०' थेट लिहायला गेलात, तर वाढलेल्या अंकाला जागाच नसते. तो ओळ संपल्याच्या खुणेवर बसतो आणि खालची ओळ वर येऊन चिकटते. तेव्हा आहे त्या फाइलमध्ये खाडाखोड करू नका. नवी फाइल लिहा आणि शेवटी अदलाबदल करा.

१. मूळ फाइलची एक प्रत बाजूला काढून ठेवा.

२. मूळ फाइल 'ओपन'ने वाचण्यासाठी, म्हणजे 'आर' मोडमध्ये उघडा. एन्कोडिंग (अक्षरं बाइट्समध्ये साठवायची पद्धत) 'यूटीएफ-८' असं स्पष्ट लिहा. ते सोडलं तर पायथनच्या बऱ्याच आवृत्त्या विंडोजवर तिथलं जुनं एन्कोडिंग धरतात, आणि मराठी मजकुराचा कचरा होतो किंवा डीकोडिंगची एरर येते. 'न्यूलाइन'ला रिकामी स्ट्रिंग द्या, म्हणजे ओळींचे शेवट होते तसेच राहतात.

३. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल 'डब्ल्यू' मोडमध्ये उघडा; एन्कोडिंग आणि न्यूलाइन वरच्यासारखंच. इथे चुकून मूळ फाइलचं नाव पडलं तर ती उघडताक्षणी शून्य बाइटची होते, एक अक्षरही लिहिलेलं नसलं तरी. पहिली पायरी त्यासाठीच आहे.

४. 'फॉर' लूपने एकेक ओळ घ्या. ओळीचा क्रमांक हवा असेल तर 'एन्युमरेट' वापरा आणि 'स्टार्ट'ला १ द्या, नाहीतर मोजणी शून्यापासून होते. ओळ 'दर=' ने सुरू होत असेल तर नवी ओळ लिहा, नसेल तर आहे तशी. बरोबरीचं चिन्ह विसरू नका. नुसत्या 'दर'मध्ये 'दरमहा'ही सापडतो. ओळ गाळायची असेल तर ती लिहायचीच नाही, आणि नवी घालायची असेल तर तिथे जादा ओळ लिहायची.

५. दोन्ही फाइली बंद झाल्यावर 'ओएस' मॉड्यूलमधल्या 'रिप्लेस'ने तात्पुरत्या फाइलला मूळ नाव द्या. फाइल उघडी राहिली तर विंडोज परवानगी नाकारतं. तात्पुरती फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर असेल तरी हे काम अडतं.

सगळ्यात जास्त गफलत ओळीच्या शेवटाशी होते. वाचलेल्या ओळीला तिची शेवटची खूण चिकटलेली असते, म्हणून 'ओळ बरोबर अमुक' अशी तुलना फसते. नुसतं 'आरस्ट्रिप' केलं तर शेवटच्या स्पेस आणि टॅबही जातात, तेव्हा काय काढायचं ते कंसात सांगा. नव्या ओळीला शेजारच्या ओळींसारखाच शेवट जोडा. फाइलच्या अखेरच्या ओळीला मात्र कधीकधी खूणच नसते; तेव्हा तिच्यामागे काही जोडलं तर ते त्याच ओळीत जातं.

मराठी मजकुरात आणखी दोन सापळे आहेत. पायथनचं नमुन्याने मजकूर शोधणारं 'आरई' मॉड्यूल काना-मात्रा-वेलांटीला शब्दातलं अक्षर मानत नाही, त्यामुळे शब्दसीमेची खूण लावून 'क' शोधला तर 'की'मधलाही सापडतो. स्पेस आणि विरामचिन्हं स्वतः नमूद करून सीमा ठरवलेली बरी.

दुसरा सापळा डोळ्यांना दिसत नाही. 'दुसऱ्या' हा शब्द काही जण 'ऱ' आणि हलन्ताने टाइप करतात, तर काही फाइलींत साधा 'र', हलन्त आणि अदृश्य जोडक असतो. पडद्यावर दोन्ही सारखेच. 'लेन'ने लांबी मोजा: पहिला ७, दुसरा ८. शोध एकावर लागतो, दुसरा तसाच सुटतो. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करणारं 'युनिकोडडेटा' मॉड्यूलचं 'नॉर्मलाइझ'ही ही दोन रूपं एक करत नाही. म्हणून ओळ तपासण्याआधी दुसऱ्या रूपाच्या जागी पहिलं घालणारं स्ट्रिंगचं 'रिप्लेस' (वरचं 'ओएस'मधलं नव्हे) हाताने लिहा.