शवासनाच्या आधी ठरवून घ्या

हवामानबदलाबाबत लोकांना एकत्र आणायला सामूहिक योगसत्र भरवणार असाल, तर सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि सत्र संपायच्या आत जमलेल्यांनी मिळून नेमकं काय ठरवायचं आहे ते त्यावर लिहा. आमच्या मागच्या सत्रात हा कागदच नव्हता. आसनं उत्तम झाली, शवासन झालं, लोक प्रसन्न चेहऱ्यानं घरी गेले आणि कामाचं बोलणं राहिलं ते राहिलंच.

कागदावर मागणी एकच असू द्या. ‘पृथ्वी वाचवा’ असं लिहून उपयोग नाही, कारण त्याला हो किंवा नाही म्हणणारा कुणी नसतो. कोणाकडे, काय आणि कधीपर्यंत, हे तिन्ही हवं. इमारतीच्या छतावर सौर पॅनल बसवायचा निर्णय पुढच्या सभेत घ्यावा. रस्तारुंदीत अमुक झाडं तोडू नयेत. आपल्या ठेवी जिथे आहेत त्या बँकेनं नव्या कोळसा प्रकल्पांना कर्ज देऊ नये. यातलं काहीही चालेल, पण निर्णय ज्याच्या हातात आहे त्याचं पद आधी शोधून ठेवा. ऐनवेळी ‘हे नक्की कोणाकडे द्यायचं?’ यावरच अर्धा वेळ जातो.

आकडे थोडे सांगा, पण पक्के सांगा. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड साधारण २८० भाग होता, आता तो ४२०च्या वर आहे. २०१५च्या पॅरिस करारात तापमानवाढ २ अंशांच्या बरीच खाली ठेवायची आणि १.५ अंशावर रोखायचा प्रयत्न करायचा असं ठरलं. १.५ अंशासाठी २०३०पर्यंत जगाचं उत्सर्जन २०१९च्या तुलनेत सुमारे ४३ टक्के कमी व्हायला हवं, असं आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या शास्त्रीय समितीचा अहवाल सांगतो. घरचा दिवा आठवणीनं बंद करून एवढी घट होत नाही. वीज कशापासून तयार होते, माणसं आणि माल कशातून फिरतात, हे बदलावं लागतं आणि ते एकट्यादुकट्याच्या हातात नसतं. यापेक्षा जास्त आकडे नकोत. खात्री नसलेला एकही नको. योगात इतरांशी वागायच्या नियमांना यम म्हणतात, आणि सत्य हाही यमच आहे.

जागा सपाट, सावलीची, पाणी आणि शौचालय जवळ असलेली. हवा मात्र त्याच सकाळी तपासा. पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म धूलिकण, वाढलेले असताना उघड्यावर भस्त्रिका, म्हणजे जोरजोरात श्वास घ्यायचा-सोडायचा प्राणायाम, करणं म्हणजे तेच कण फुप्फुसात जास्त वेगानं ओढणं. अशा दिवशी प्राणायाम गाळा, आसनंही हलकी ठेवा. उष्मा आणि दमटपणा दोन्ही असतील तर घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही. वेळ पहाटेची घ्या, नाहीतर दिवस बदला. उगाच धाडस नको.

चटया घरच्या. सतरंजीही चालते. या सत्रासाठी नव्या पीव्हीसीच्या मॅट मागवू नका, तो प्लास्टिकचाच प्रकार आहे. छापील टी-शर्ट, फ्लेक्स, बाटलीबंद पाणी यातलं काहीच नको.

शिकवणाऱ्याशी आधी नीट बोला. खुर्चीवर करता येतील अशी आसनं हवीतच. रक्तदाबाचे रुग्ण आणि गरोदर स्त्रिया यांना कपालभाती, भस्त्रिका नको, हे सुरुवातीलाच सांगायला सांगा. पण खरं बोलणं वेगळ्याच गोष्टीवर व्हायला हवं. इथे योग कशासाठी? हे काम वर्षानुवर्षांचं आहे आणि त्यात माणसं चिडतात, थकतात, एकमेकांवर उखडतात, मग गळतात. शांत श्वासावर बसलेला गट मतभेद जास्त वेळ ऐकून घेऊ शकतो. अष्टांगांत यम पहिले येतात, आसन त्यानंतर. अहिंसा, अपरिग्रह (गरजेपेक्षा जास्त साठवून न ठेवणं) ही इतरांशी आणि वस्तूंशी वागायची रीत आहे. ती चटईपुरती ठेवली तर सत्र निव्वळ व्यायाम होतो. आणि एक सक्त ताकीद: कुणी पुरात, उन्हाळ्यात काही गमावलेलं असेल आणि रागानं बोलू लागलं, तर त्याला ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हणून गप्प करू नका. आधी ऐका. त्याचा राग रास्त आहे.

आता क्रम. आसनं, थोडा प्राणायाम, मग सगळ्यांनी गोल करून बसायचं. कागद वाचायचा, चर्चा, दुरुस्ती, सह्या. त्यानंतर शवासन. पुन्हा सांगतो, सह्या आधी आणि शवासन नंतर. शिकवणारे म्हणतील, लय तुटते. तुटू द्या. शवासनातून उठलेला माणूस चप्पल शोधतो, त्याला त्या क्षणी कुठल्याही सभेत बसायचं नसतं, आणि तो दोष त्याचा नाही, क्रम लावणाऱ्याचा आहे. गोलात बसायला निदान अर्धा तास राखून ठेवा. उशीर झाला तर आसनं कापा, हा अर्धा तास कापू नका.

सहीसमोर प्रत्येकानं एक काम लिहायचं: पत्र टाइप करणं, भेटीची वेळ मागणं, शेजारच्या दहा घरांत जाणं. नुसती सही नको. तेही शवासनाच्या आधी.

बाकी किरकोळ. फोटो विचारून काढा. मंत्र म्हणायचा की मौन पाळायचं ते गटानं ठरवावं. जागा झाडून द्या.

पत्र दिल्यावर पोच घ्या. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी प्रत्यक्ष भेटायला कोण जाणार, ती दोन नावंही त्याच कागदावर त्याच सकाळी लिहून घ्या.