लोकल लेट झाली की काय करायचं

आधी ऑफिसला एक मेसेज टाका आणि मग मोबाईल खिशात, बास. नाहीतर इंडिकेटर, घड्याळ, परत इंडिकेटर असं चालू राहतं आणि नुसता जीव खालीवर होतो, गाडी काही त्याने लवकर येत नाही.

आता पुंडलिकाची गोष्ट आठवा. तो आईवडिलांची सेवा करत होता, दारात साक्षात देव आला तरी उठला नाही, वीट फेकली आणि म्हणाला यावर थांबा जरा. आणि देव थांबला हो! कमरेवर हात ठेवून पंढरपूरला अजून तसाच उभा आहे. मला तर प्लॅटफॉर्मवर हे आठवलं की एकदम शांत वाटतं, थांबणं ही काही वाया गेलेली वेळ नाही असं आतून पटतं.

मग मनात रामकृष्ण हरी सुरू करा. माळ नसली तरी चालतं, अंगठा सोडून चार बोटांची पेरं १२ होतात, ९ फेऱ्या झाल्या की १०८, चार-पाच मिनिटं लागतात साधारण. मोजणी चुकली तर चुकू दे, नाम चालू ठेवा.

आणि शेजारी कोणी आजी पिशव्या घेऊन उभ्या असतील तर गाडी आल्यावर एक पिशवी तुम्ही धरा.