शिकागोला येताय? आधी घरापर्यंतचा रस्ता बघा

ॲडमिशनची पत्रं आली की मला फोन सुरू होतात. मुलं फंडिंगचं विचारतात, आईबाबांचा एकच प्रश्न: "शिकागो सेफ आहे ना?" पंधरा वर्षं इथे काढूनही मला याचं हो-नाहीत उत्तर देता येत नाही. "साउथ साइड नको" असं तुम्हाला दहाजण सांगतील. पण युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोचा हाइड पार्क साउथ साइडलाच, आणि इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीही (हीसुद्धा 'आयआयटी', म्हणून नातेवाईक हिला पवईची बहीण समजतात) तिकडेच. इथे दोन चौक ओलांडले की वस्ती बदलते, त्यामुळे अख्ख्या दिशेवर काट मारून काही कळत नाही.

सरकारी आर्थिक मदत घेणाऱ्या विद्यापीठांना दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत सुरक्षेचा अहवाल काढावा लागतो, त्यात मागच्या तीन वर्षांतल्या गुन्ह्यांचे आकडे असतात. हा क्लेरी ॲक्ट. १९८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठाच्या होस्टेलमध्ये जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा खून झाला, त्यानंतर तिच्या आईवडिलांनी लावून धरलं आणि १९९० मध्ये कायदा आला.

अहवाल वाचाच, पण त्यात काय नसतं तेही बघा. आकडे कॅम्पसचे, विद्यापीठाच्या ताब्यातल्या इमारतींचे आणि लगतच्या रस्त्यांचे. तुम्ही चौघं मिळून जे अपार्टमेंट घ्याल ते त्यात नाही. लायब्ररीच्या टेबलावरून गेलेला लॅपटॉपही नाही, कारण जबरी चोरी आणि घरफोडी मोजतात, साधी चोरी सहसा नाही. तो लॅपटॉप सापडेल कॅम्पस पोलिसांच्या रोजच्या क्राइम लॉगमध्ये. त्यातल्या मागच्या ६० दिवसांच्या नोंदी कोणालाही बघता येतात. मी अहवालाआधी हाच उघडते. कॅम्पसबाहेरच्या रस्त्यांसाठी शहराचं डेटा पोर्टल आहे: २००१ पासूनचे गुन्हे, ब्लॉक आणि वेळेसकट, फक्त ताजे सात दिवस सोडून.

आणि शून्य दिसलं म्हणून हुरळू नका. मोठ्या विद्यापीठाच्या अहवालात लैंगिक अत्याचाराच्या रकान्यात शून्य असेल, तर माझ्या मनात आधी येतं की तिथे मुली तक्रार करायलाच जात नसाव्यात.

माझं पहिलं घर मी ऑगस्टमधल्या दुपारी बघितलं. लख्ख ऊन, पोरं सायकली फिरवताहेत, भाडं कमी. लगेच सही केली. नोव्हेंबरात घड्याळं तासभर मागे गेली आणि साडेचारलाच अंधारून यायला लागलं. स्टेशनपासून घर आठ मिनिटं, पण मधे रेल्वेच्या पुलाखालून जावं लागायचं आणि तिथला दिवा गेलेला. एका हातात तांदळाची पिशवी, दुसऱ्या हातात किल्ल्या, त्यातली एक बोटांच्या बेचक्यातून बाहेर काढलेली. कधी काही झालं नाही. पण लॅबमधून किती वाजता निघायचं ते माझ्याऐवजी तो पूल ठरवायला लागला. लीज जुलैपर्यंतची होती.

बहुतेक विद्यापीठांची रात्रीची मोफत गाडी असते. तिची हद्द कुठवर आणि ती किती वाजेपर्यंत चालते, हे नकाशावर बघून मगच घर शोधायला लागा. हद्दीच्या एक गल्ली पलीकडचं घर स्वस्त का आहे, ते तिथेच कळतं.

सीनियरला "एरिया सेफ आहे का?" असं विचारू नका. तो "हो, काही प्रॉब्लेम नाही" म्हणणारच, त्याला एक रूममेट हवा असतो. त्याला विचारा, "काल रात्री लॅबमधून घरी कसा आलास?" मागच्या वर्षी पुण्याच्या एका मुलीने माझ्या सांगण्यावरून असं विचारलं. पठ्ठ्या बोलून गेला, "मी? आठनंतर मी उबरनेच येतो." आता ती दोन स्टेशनं पलीकडे राहते, महिन्याला नव्वद डॉलर जास्त भरून.