घरात टीबी निघाला तर पहिल्या दिवसापासून काय करायचं

दोन आठवड्यांच्या वर खोकला चाललाय, संध्याकाळ झाली की कणकण, रात्री उशी ओली होईल एवढा घाम, आणि पट्टा दोन भोकं आत गेलाय, तर सिरप बदलत बसू नका, बेडका तपासायला द्या. हे आधी सांगतेय कारण आमचे पावणेदोन महिने इथेच गेले. माझा धाकटा भाऊ, वय २३, अंधेरीला नाइट शिफ्ट, सगळ्यांना वाटलं जागरणाने आणि एसीने होतंय. जवळच्या एका डॉक्टरने लागोपाठ अँटिबायोटिकचे तीन कोर्स दिले, त्यातला एक लिव्होफ्लॉक्सासिनचा. त्याने चार-पाच दिवस ताप उतरला, आम्ही खूश, आणि मग परत चढला. नंतर कळलं की ही जात टीबीच्या जंतूवर थोडीफार चालते, त्यामुळे आजार झाकला जातो, पकडायला उशीर होतो आणि वर जंतूला त्याच औषधाची सवय होते, आणि पुढे टीबी बिघडला तर नेमकं तेच औषध लागतं. म्हणून खोकल्यासाठी कुणी लिव्हो किंवा त्याच जातीचं मॉक्सी लिहून दिलं तर तिथल्या तिथे विचारा, "डॉक्टर, आधी बेडका तपासून घेऊ का?" विचारायला लाजू नका, आम्ही लाजलो.

तपासणी कुठे? महापालिकेचा दवाखाना, हेल्थ पोस्ट, आपला दवाखाना, नाहीतर मोठं हॉस्पिटल, कुठेही जा, टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी यंत्रणेत फुकट आहेत. फक्त एक्स-रे काढून "डाग दिसतोय, गोळ्या सुरू करा" असं कुणी म्हणालं तर थांबा. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, म्हणजे बेडक्यातला टीबीचा जंतू मशीनवर ओळखायची टेस्ट, झालीच पाहिजे. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीने बनवलेली टेस्ट आहे, छोट्या दवाखान्यातही चालते. सीबीनॅटचं मशीन दोनेक तासांत दोन गोष्टी सांगतं, टीबी आहे की नाही आणि असेल तर तो रिफाम्पिसिन नावाच्या मुख्य औषधाला दाद देईल की नाही. रिपोर्ट हातात यायला दोन-तीन दिवस लागू शकतात, तेवढे काढा.

बेडका नीट द्यायला शिका, कारण डबीत नुसती लाळ गेली तर टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आमची पहिली डबी अशीच वाया गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, ब्रश करायच्या आधी, भावाला गॅलरीच्या टोकाला नेलं, उघड्यावर, आजूबाजूला कुणी नाही. साध्या पाण्याने चूळ भरायला लावली. मग छातीभर श्वास आत, जरा धरून ठेव, सोड, असं दोन-तीनदा, आणि मग पोटातून जोर लावून खोक. तिसऱ्या खेपेला घट्ट, पिवळट असं काहीतरी आलं, ते डबीत, झाकण गच्च, वर नाव लिहून प्लास्टिकच्या पिशवीत, आणि आठच्या ठोक्याला दवाखान्यात. बेडका कधीही बंद खोलीत, मोरीत किंवा लिफ्टच्या पॅसेजमध्ये काढू नका.

मानेत गाठ आली असेल तर वेगळी काळजी. गाठीतून सुईने पाणी किंवा तुकडा काढतात तेव्हा तो सगळाच्या सगळा फॉर्मालिनमध्ये टाकला की त्यावर कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, होत नाही. आधीच सर्जनना सांगा, अर्धा तुकडा साध्या सलाइनमध्ये ठेवा, सीबीनॅट आणि कल्चरला पाठवायचाय. नुसत्या गाठीचा टीबी दुसऱ्याला लागत नाही, पण छातीचा एक्स-रे तरीही काढायचा.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. रिपोर्ट आला की "टीबी आहे" एवढं ऐकून घरी येऊ नका. विचारा, कुठल्या औषधाला दाद देतो? मुंबईत हा प्रश्न टाळून चालतच नाही, याच शहरातून हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉ. झरीर उडवाडियांनी २०१२ च्या सुमाराला असे पेशंट जगासमोर आणले होते ज्यांच्यावर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. आणि रिफाम्पिसिन चालतं म्हणजे सगळं चालतं असंही नाही, आयसोनियाझिड हे दुसरं मुख्य औषध साध्या सीबीनॅटमध्ये दिसत नाही, त्यासाठी एलपीए नावाची टेस्ट असते, ती पाठवली का हे विचारून घ्या, त्याचा रिपोर्ट उशिरा येतो आणि कुणी मागे लागलं नाही तर तसाच पडून राहतो. मी दर चार दिवसांनी जाऊन विचारायचे. सोबत शुगर आणि एचआयव्ही तपासतात, त्याला घाबरू नका, ते प्रत्येक टीबी पेशंटचं करतात.

साधा टीबी असेल तर कोर्स सहा महिन्यांचा, पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, सगळी एकाच गोळीत मिसळलेली, रोज, वजनाप्रमाणे ठरतील तेवढ्या गोळ्या. दर महिन्याला वजन करा, कारण वजन वाढलं तर डोसही वाढवावा लागू शकतो, आणि गर्दीत ते बघायचं राहून जातं. पहिल्या दिवशी लघवी नारिंगी झाली आणि भाऊ मोरीतून ओरडत बाहेर आला, "ताई, रक्त!" ते रक्त नसतं, रिफाम्पिसिनचा रंग असतो, घाम आणि डोळ्यातलं पाणीही जरा रंगतं. त्याला घाबरायचं नाही. पण उलट्या थांबत नाहीत, जेवणावरची वासना उडाली, डोळे पिवळे दिसतायत, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, लिव्हरला त्रास होत असू शकतो. सिग्नलचा लाल-हिरवा नीट कळत नाही, अंधुक दिसतंय, तर तेही लगेच, इथॅम्बुटॉलने डोळ्याला त्रास होऊ शकतो. तळव्याला मुंग्या आल्या तर बी-६ ची गोळी चालू आहे का बघा. मुलींनी आणि बायकांनी लक्षात ठेवा, रिफाम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळीचा भरवसा नाही, डॉक्टरांशी दुसऱ्या उपायाबद्दल बोला. आणि स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत, कुठली थांबवायची आणि कुठली परत सुरू करायची हे डॉक्टरच ठरवणार.

घराचं काय? आमची भांडुपला चाळीत दहा बाय बाराची खोली, माणसं पाच. वेगळी खोली कुठून आणणार. आईने पहिल्याच दिवशी त्याचं ताट-वाटी वेगळी केली, मला म्हणाली, "शेजारी कुणाला बोलू नकोस गं, उद्या याच्या लग्नाला आडवं येईल." मी तिला समजावलं की टीबी ताटातून, कपड्यातून, चादरीतून लागत नाही, तो खोकल्यातून हवेत जातो, म्हणून भांडी नाही, हवा सांभाळायची. आम्ही त्याचा बिछाना खिडकीखाली लावला, टेबल फॅन असा ठेवला की हवा त्याच्याकडून खिडकीबाहेर जाईल, दिवसा पडदा पूर्ण उघडा, घरात असताना त्याला मास्क. गोवंडीत एकमेकींना चिकटून बांधलेल्या पुनर्वसनाच्या इमारतींचा अभ्यास झालाय, तिथे ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर टीबी जास्त सापडला होता. ज्या शहरात गरिबाला घर देताना खिडकी समोरच्या भिंतीवर उघडते तिथे नुसत्या गोळ्यांनी टीबी जाणार नाही असं मला मनापासून वाटतं, पण तो वेगळा विषय. औषध लागू पडलं की साधारण दोन-तीन आठवड्यांत दुसऱ्याला लागण्याचा धोका बराच कमी होतो, कामावर कधी जायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

खाणं. हे मी आधी फार मनावर घेतलं नव्हतं. झारखंडमध्ये झालेला राशन्स नावाचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये लॅन्सेटच्या जर्नल्समध्ये छापून आला, त्यात टीबी पेशंटच्या घरातल्या माणसांना दर महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, तर त्या घरांमध्ये नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. आणि ज्या पेशंटांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यू खूपच कमी. महागडी प्रोटीन पावडर नव्हती त्यात, घरच्यांना मुख्यतः तांदूळ-डाळच होती! तेव्हा पेशंटला पायासूप आणि बाकीच्यांना चहा-चपाती असं करू नका, सगळ्यांच्या ताटात डाळ, अंडं, शेंगदाणे, उसळ, जमेल तेव्हा बांगडा.

पैशांचं पण सांगते. टीबी पेशंटच्या खाण्यासाठी सरकारची निक्षय पोषण योजना आहे, तिच्यात कोर्स चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते. प्रायव्हेट डॉक्टरकडे असाल तरी हक्क आहे, कारण २०१२ पासून प्रत्येक टीबी पेशंटची नोंद सरकारकडे करणं डॉक्टरला बंधनकारक आहे. निक्षय आयडी, म्हणजे त्या नोंदीचा नंबर, मागून घ्या, बँक खातं आधारला जोडलेलं आहे का बघा. पैसे उशिरा येतात, पाठपुरावा करावा लागतो. अडलात तर १८००-११-६६६६ हा निक्षयचा फुकट नंबर आहे.

तोच आयडी गणपतीत कामाला येतो. मुंबईतला पेशंट गावी गेला, पंधरा दिवस राहिला, गोळ्या आठच दिवसांच्या नेल्या, असं खूप होतं. जायच्या आधी टीबी सेंटरला सांगा, ते जास्तीच्या गोळ्या देतात किंवा गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आयडीवरून सोय करतात. एरवीही पाकीट संपायच्या आठवडाभर आधी जा. २०२४ मध्ये देशात बऱ्याच ठिकाणी गोळ्यांचा तुटवडा झाला होता, आयत्या वेळी गेलेल्यांचे हाल झाले.

रिपोर्टमध्ये रेझिस्टन्स निघाला, म्हणजे दोन्ही मुख्य औषधांना दाद न देणारा एमडीआर टीबी असला, तर लोकांना वाटतं संपलं सगळं. तसं राहिलेलं नाही. पूर्वी दीड-दोन वर्षं कोर्स आणि त्यात महिनोन्‌महिने इंजेक्शनं, ज्याने कान जायचे. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन यांची ऐकण्याची शक्ती अशाच उपचारात गेली, आणि त्यांनीच दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्याबरोबर बेडाक्विलीन या नव्या औषधाच्या पेटंटची मुदत वाढू नये म्हणून अर्ज लढवला, मार्च २०२३ मध्ये पेटंट ऑफिसने कंपनीची मागणी फेटाळली. मला त्या बाईंबद्दल फार आदर आहे. आता बेडाक्विलीन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सीफ्लॉक्सासिन असा चार औषधांचा, नुसत्या गोळ्यांचा, साधारण सहा महिन्यांचा कोर्स आहे, बीपाल्म म्हणतात, २०२४ मध्ये भारताने मंजूर केला. तो सगळ्यांनाच चालत नाही, पण "आमच्या पेशंटला बीपाल्म बसेल का?" हे नक्की विचारा. त्यात ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या वेळच्या वेळी करायच्या, पायाला मुंग्या, बधिरपणा किंवा नजर कमी झाली तर लपवायचं नाही, लिनेझोलिडने होतं ते. शिवडीचं टीबी हॉस्पिटल याच कामासाठी आहे, नाव ऐकून घाबरू नका.

घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी करा, लहान मुलांची सगळ्यात आधी. कुणाला टीबी नसेल तर तो होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा असा १२ आठवड्यांचा गोळ्यांचा कोर्स असतो. आईने आणि मी दर रविवारी घेतला. पेशंटचा टीबी रेझिस्टन्सवाला असेल तर हा कोर्स चालेलच असं नाही, तेव्हा त्याचा रिपोर्ट सोबत न्या.

सगळ्यात अवघड पहिला महिना नव्हता, तिसरा होता. ताप गेलेला, वजन चार किलोने वाढलेलं, भाऊ म्हणायचा, "ताई, मला काही होत नाहीये, कशाला खाऊ?" आम्ही फ्रीजवर कॅलेंडर लावलं, गोळ्या घेतल्या की रिकामं पाकीट तिथल्या डब्यात टाकायचं आणि तारखेवर त्याने स्वतः फुली मारायची. ज्या दिवशी फुली नाही त्या दिवशी मी त्याच्याशी भांडायचे नाही, पाण्याचा ग्लास आणि पाकीट घेऊन त्याच्या शेजारी बसायचे. दोन दिवस चुकले एकदा, ते आम्ही टीबी सेंटरच्या ताईंना सांगितले, त्या ओरडल्या नाहीत, पुढे काय करायचं ते नीट सांगितलं.

कोर्स संपल्यावरही दोन वर्षं दर सहा महिन्यांनी बोलावतात, कारण टीबी परत उलटू शकतो. भावाची पहिली फेरी झाली, बेडका निगेटिव्ह, पुढची तारीख त्याच कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलीये.